गिअर जात नाही? आधी पेडल मोजा, मग गिअरबॉक्स खोला



दर आठवड्याला या ग्रुपवर मी पिकाचं बोलतो. बियाणं, बीजप्रक्रिया, खत, फवारणी. आज विषय वेगळा आहे आणि मेसेज मोठा आहे. एका बैठकीत जमलं नाही तर दोनदा वाचा, पण मृग लागायच्या आधी वाचा.

मी कृषी पदविका केलेला, पीक बघणारा माणूस आहे. मिस्त्री नाही. तरी ट्रॅक्टरवर लिहितोय, कारण गेल्या पंधरा दिवसांत सभासदांचे जे फोन आले त्यातले बरेच एकाच वाक्याने सुरू झाले: "साहेब, गिअर जात नाही, कर्रकर्र वाजतंय. गिअरबॉक्स गेला वाटतं. विकून टाकावा का?"

*माझं मत सुरुवातीलाच सांगतो.* जुन्या ट्रॅक्टरचा गिअर अडला म्हणजे गिअरबॉक्स गेला, ही समजूत चुकीची आहे आणि महागात पडणारी आहे. आधी संशय क्लचवर घ्यायचा. क्लचमध्येही आधी पेडलवर. पेडल तपासायला एक फूटपट्टी आणि दहा मिनिटं पुरतात. गिअरबॉक्स खोलायला दिवस लागतात, पैसे लागतात, आणि कधी कधी हातातला वापसा जातो.

*हे मी कसं शिकलो*

पुस्तकात नाही शिकलो, घरच्या नुकसानीत शिकलो. आमच्याकडे ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर आहे, अण्णांनी सेकंड हँड घेतलेला. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला, तिसऱ्या दिवशी वापसा आला. सोयाबीनचं बियाणं बीजप्रक्रिया करून तयार, खत शेडमध्ये, पेरणी यंत्र जोडलेलं. आणि रिव्हर्स पडेना. पहिला गिअर टाकला की असा आवाज, की गोठ्यातली जनावरं दचकली.

मिस्त्री आला आणि म्हणाला, "आधी क्लच बघू." मीच म्हणालो, "वेळ घालवू नका, गिअर खोला." शिकलेला मुलगा म्हणतोय म्हटल्यावर अण्णाही गप्प बसले. वरचं झाकण निघालं, मग आणखी खोलावं लागलं. तीन दिवस ट्रॅक्टर शेडमध्ये पसरलेला. दात चांगले, फोर्क चांगले, बेअरिंग चांगली. नवीन तेल भरून सगळं परत बसवलं. चालू केला, तर आवाज तसाच.

शेजारचे एक काका, उभं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेले, बघायला आले होते. ते सीटवर बसलेसुद्धा नाहीत. खाली उभं राहून हातानं पेडल दाबलं आणि म्हणाले, "अरे, हे अर्धं तर हवेतच जातंय." क्लच रॉडची पिन झिजली होती, रॉडचं भोक लांबट झालं होतं. पिन आणि रॉड बदलायला एक तास लागला. सामान काहीशे रुपयांचं. तोवर मजुरी आणि तेलात साडेनऊ हजार गेले होते, आणि पाऊस परत सुरू झाला होता. आमची पेरणी शेजारच्या शेतापेक्षा बारा दिवसांनी झाली. सोयाबीनची पेरणी लांबली की उतारा घसरत जातो, हे मीच तुम्हाला दरवर्षी सांगतो. त्या वर्षी ते घरच्या काट्यावर बघितलं.

चूक मिस्त्रीची नव्हती, ट्रॅक्टरचीही नव्हती. माझी होती. तीच चूक आता तुमच्यातले काही जण करायच्या तयारीत आहेत, म्हणून हा मेसेज.

*आवाज का येतो*

क्लच प्लेट ही फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. पेडल दाबलं की रॉड ओढला जातो, रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटची बोटं दाबतं आणि प्लेट मोकळी होते. प्लेट पूर्ण सुटली तरच गिअरबॉक्सचा वरचा शाफ्ट थांबतो. अर्धवट सुटली तर शाफ्ट फिरतच राहतो, आणि फिरत्या दातात तुम्ही दुसरा दात घालायला जाता. तो कर्रर्र आवाज तिथला. आवाज गिअरबॉक्समधून येतो, पण दुखणं बहुतेक वेळा क्लचमध्ये असतं.

दुसरी गोष्ट. आपल्या जुन्या ट्रॅक्टरांत मोटारीसारखा सिंक्रोमेश नसतो. चालत्या ट्रॅक्टरला गिअर बदलायची सवय तिथे चालत नाही. थांबायचं, मग बदलायचं.

*घरच्या घरी तीन तपासण्या*

ट्रॅक्टर सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक लावा, अवजार जमिनीवर टेकवा, पीटीओ बंद ठेवा. पोरंबाळं लांब. पुढे-मागे कुणी उभं नको.

१) इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा, हाय-लो लिव्हरसुद्धा. एखादा गिअर दातावर दात येऊन अडेल. क्लच एकदा दाबून सोडा आणि पुन्हा टाका. बंद इंजिनवर सगळे गिअर नीट बसत असतील, तर गिअरबॉक्सवरचा संशय कमी करा. बंद इंजिनवरही एखादा गिअर बसतच नसेल, तर मात्र लिव्हर, शिफ्टर किंवा आतलं काम आहे.

२) इंजिन चालू करा, रेस अगदी कमी ठेवा. क्लच शेवटपर्यंत दाबा, मनात सावकाश दहापर्यंत मोजा, मग रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला, तर क्लच सुटतोय. घाई आपली होती. दहा मोजूनही कर्रर्र होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही.

३) इंजिन बंद करून पेडल मोजा. पेडलच्या बाजूला फूटपट्टी उभी धरा. पायानं नाही, *हातानं* दाबा. आधी पेडल हलकं जाईल, मग एका जागी जड लागेल. हलकं जाण्याचं ते अंतर म्हणजे पेडलची ढिलाई, मिस्त्री लोक त्याला "प्ले" म्हणतात. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत ती साधारण २० ते ३० मिमी असते, म्हणजे दीड-दोन बोटं. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच खरा धरा.

*ढिलाईवरून काय समजायचं*

ढिलाई जास्त असेल, तर पेडलचा बराचसा दाब वाया जातो. क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर वाजतात, रिव्हर्स आणि पहिल्याला जास्त.

ढिलाई नसेलच, तर उलटं होतं. बेअरिंग सतत बोटांवर टेकलेलं राहतं, प्लेट घट्ट बसत नाही आणि घसरते. रोटा किंवा पलटी नांगर लावला की इंजिनची रेस वाढते पण ट्रॅक्टर ओढत नाही, जळका वास येतो. यात प्लेट तर जातेच, बेअरिंगही जातं.

आता एक बारकावा. प्लेट झिजते तशी ढिलाई आपोआप *कमी* होत जाते. पिन, रॉड आणि त्यांची भोकं झिजतात तशी ती *वाढते*. म्हणून एकदा सेट केलं आणि झालं, असं नसतं. दर हंगामाआधी मोजायचं. आणि दोन्ही झिजलेले असतील तर पेडल बरोबर वाटूनही क्लच बिघडलेला असू शकतो. त्यासाठी पिना हातानं हलवून बघा. खडखड लागली तर आधी पिन बदला, मग मोजा.

सेटिंग अवघड नाही. क्लच रॉडवरचा चेक नट ढिला करायचा, रॉड फिरवून अंतर जमवायचं, नट आवळायचा, पुन्हा मोजायचं. स्प्लिट पिन नवीन घाला. जुनी सरळ करून घालू नका, आणि तारेचा तुकडा तर मुळीच नको. ड्युअल क्लचच्या ट्रॅक्टरला पेडल अर्धं दाबलं की चाल सुटते आणि पूर्ण दाबलं की पीटीओ सुटतो. त्यात पीटीओच्या बाजूची सेटिंग मिस्त्रीकडूनच करा.

*लक्षणावरून अंदाज*

▪️ पेडलवर पाय ठेवला की घरघर, सोडला की बंद: रिलीज बेअरिंगवर संशय.

▪️ न्यूट्रलला पेडल सोडलेलं असताना आवाज, दाबलं की बंद: गिअरबॉक्सच्या वरच्या शाफ्टचं बेअरिंग.

▪️ ढिलाई बरोबर, तरी क्लच घसरतो: प्लेट रिव्हेटपर्यंत झिजली असेल, स्प्रिंग कमजोर झाल्या असतील, किंवा प्लेटला तेल लागलं असेल. क्लच हाउसिंगच्या तळाशी भोक असतं, त्याखाली बघा. काळं पातळ तेल ठिबकत असेल तर इंजिनचं मागचं सील. जाड आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. ते भोक चिखलानं बुजलं असेल तर मोकळं करा. बुजलं की तेल आतच साठतं आणि प्लेटवर जातं.

▪️ ढिलाई बरोबर, तरी क्लच सुटत नाही: प्लेट वाकलेली, बोटं कमी-जास्त झालेली, पायलट बेअरिंग जाम, किंवा ट्रॅक्टर बरेच दिवस ओलाव्यात उभा राहून प्लेट गंजानं फ्लायव्हीलला चिकटलेली. चिकटलेली प्लेट झटके देऊन सोडवायचे जे प्रकार चालतात ते करू नका. मिस्त्री बोलवा.

▪️ गिअर भारावर सुटून न्यूट्रल होतो: शिफ्टर रॉडवरची गोळी-स्प्रिंग कमजोर, फोर्क झिजलेला किंवा दातांची टोकं घासलेली. *हे खरं गिअरबॉक्सचं दुखणं.*

▪️ गिअर लिव्हर सैल होऊन भलतीकडेच जातो, कधी दोन गिअर एकदम अडकतात: लिव्हरच्या खालचं टोक किंवा शिफ्टरची खाच झिजलेली. बऱ्याचदा वरचं झाकण काढून भागतं.

▪️ गियर ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसतं: पाणी गेलंय. लिव्हरचं रबर फाटलंय का बघा. पावसात उभा ट्रॅक्टर तिथूनच पाणी पितो. रबर बदला, तेल बदला. तेल कोणतं, हे पुस्तिकेत बघूनच. काही ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. दुकानदार देईल ते जाड तेल तिथे ओतलं तर लिफ्ट बसेल.

*मिस्त्री कधी बोलवायचा*

मी मिस्त्रीच्या विरोधात नाही. बंद इंजिनवरही गिअर बसत नसेल, भारावर सुटत असेल, काढलेल्या तेलात लोखंडाचा चुरा दिसत असेल, किंवा ढिलाई बरोबर करूनही क्लच घसरत वा अडकत असेल, तर काम आतलं आहे. पण बोलवताना "गिअर खोला" असं सांगू नका. काय बघितलं ते सांगा: "बंद इंजिनवर गिअर बसतात, ढिलाई एवढी आहे, दहा मोजूनही आवाज येतो." चांगला मिस्त्री तेवढ्यावरून निम्मं काम ओळखतो.

क्लच प्लेटसाठी ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. ते काम शेतात विटा रचून करू देऊ नका. स्टँड आणि जॅक असेल तिथेच करा. आणि एकदा ट्रॅक्टर वेगळा केलाच, तर नुसती प्लेट टाकून बंद करू नका. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, दोन्ही सीलं बघून घ्या, फ्लायव्हीलचा घासायचा भाग बघून घ्या. वेगळं करायची मजुरी तेवढीच लागते. शंभर रुपयांचं सील वाचवून पुढच्या वर्षी पुन्हा तीच मजुरी देण्यात अर्थ नाही. जुने काढलेले पार्ट मागून घ्या आणि डोळ्यांनी बघा.

*ड्रायव्हरला बोलण्याआधी*

क्लच गेला की मालक ड्रायव्हरला बोलतो. "पेडलवर पाय ठेवून चालवतो." खरं आहे, ती सवय वाईटच. पेडल हे पाय टेकवायची जागा नाही. अर्धा क्लच दाबून ट्रॅक्टर हळू करणं, रेस वाढवून झटक्यात क्लच सोडणं, बांधावर अर्ध्या क्लचवर धरून ठेवणं, या सगळ्यात प्लेट जळते. वेग कमी हवा असेल तर खालचा गिअर टाका.

पण मला एक विचारायचंय. ज्या पोराला आपण रोजंदारीवर ट्रॅक्टर देतो, त्याला हे कधी शिकवलं का? ट्रॅक्टरच्या सीटवर पाय धड टेकायला जागा आहे का? ब्रेक, पेडल यांच्या रबरी पट्ट्या गुळगुळीत झाल्यात का? एकरावर पैसे ठरवले की तो घाई करणारच. मग गिअर दामटून टाकणारच. दोष वाटायचा तर सारखा वाटू.

*एक गोष्ट जिवाची*

उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून ट्रॉली सोडू नका. डिझेल वाचत नाही, जीव जातो. इंजिनची अडवणूक संपली की भरलेली ट्रॉली मागून ढकलते, आणि जुन्या ट्रॅक्टरला उतारावर सुटलेला गिअर परत बसत नाही. म्हणूनच ज्या ट्रॅक्टरचा गिअर आपोआप सुटतो, त्याला दुरुस्तीपर्यंत ट्रॉली जोडायची नाही. नात्यातल्या कुणी मागितली तरी नाही.

दुसरं, खाली उभं राहून स्टार्टरला पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर लावून ट्रॅक्टर चालू करू नका. गिअर अडकलेला असेल तर तो चालू होताच चालायला लागतो, आणि तुम्ही मोठ्या टायरपुढे उभे असता. क्लच दाबल्याशिवाय चालू होऊ नये म्हणून जो स्विच असतो, तो जोडून टाकू नका.

*मग विकायचा का?*

जुना ट्रॅक्टर कधीच विकू नये, असं मी म्हणत नाही. इंजिन तेल खातंय, लिफ्ट बसलीय, पार्ट मिळत नाहीत, असं सगळं एकदम असेल तर हिशोब मांडा. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. अशा ट्रॅक्टरवाल्यांनी पार्टची सोय आधीच बघून ठेवलेली बरी. पण पाच-सात एकराच्या माणसानं, हंगामाच्या तोंडावर, एका कर्रर्र आवाजाला घाबरून नव्याचं कर्ज उचलणं मला पटत नाही. हप्ता पाऊस बघून येत नाही. घाईत विकलेल्या जुन्याला भावही पडूनच मिळतो, आणि तोच ट्रॅक्टर घेणारा शंभराची पिन टाकून दुसऱ्या दिवशी आपल्याच शेजारी पेरणी करतो.

*कंपनीकडून माझी मागणी*

हे माझं मत आहे, कंपनीचा निर्णय नाही. येत्या मासिक सभेत संचालकांपुढे मी तीन गोष्टी ठेवणार आहे.

एक, दरवर्षी मे महिन्यात गोदामाच्या आवारात ट्रॅक्टर तपासणीचा एक दिवस. मिस्त्रीची मजुरी सगळ्यांत वाटून. आपण बियाण्याची उगवण चाचणी करतो, मग ज्या यंत्रानं ते पेरायचं त्याची चाचणी का नको?

दोन, क्लच पिना, स्प्लिट पिना, लिव्हरची रबरं असं किरकोळ सामान कंपनीच्या दुकानात. जूनमध्ये एका पिनसाठी तालुक्याला जाऊन अर्धा दिवस मोडतो.

तीन, सभासदांच्या घरातल्या दोन-तीन तरुणांना प्रशिक्षण. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्रांची प्रशिक्षण आणि परीक्षण संस्था आहे, आयटीआयमध्येही ट्रॅक्टर मेकॅनिकचा ट्रेड आहे. मुलींनाही पाठवू. आपल्या ग्रुपमधल्या काही ताई ट्रॅक्टर चालवतात, त्यांना पेडल मोजता येणार नाही असं कुणी म्हणू नये.

काही जण म्हणतील, पीकवाल्यानं पिकाचं बघावं. मान्य. पण वापसा दोन-तीन दिवसांचा असतो. त्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर माझा बियाण्याचा सल्ला, बीजप्रक्रिया, सगळं कागदावर राहतं. म्हणून हे पिकाचंच काम समजतो.

*आता तुम्ही एवढं करा:* या रविवारपर्यंत पेडल मोजा. फूटपट्टी लावलेला फोटो, ट्रॅक्टरचं मॉडेल आणि किती मिमी, एवढं ग्रुपवर टाका. पुस्तिका हरवली असेल तर तसं लिहा; ज्यांच्याकडे त्याच मॉडेलची पुस्तिका आहे त्यांनी त्या पानाचा फोटो टाका. आकडा शेडच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा, दिवाळीत पुन्हा मोजायचा आहे. आणि हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर बरेच दिवस उभा ठेवायचा असेल, तर टायरला दगड लावून, पेडल दाबून लाकडी गुटका अडकवून ठेवा. प्लेट चिकटत नाही.

आमचा आजचा आकडा: २५ मिमी. सकाळी अण्णांनीच मोजला. मला हात लावू दिला नाही.

आपला,
कृषी सल्लागार, पीक विभाग